लहान खोलीतील खेळण्यांचे बिऱ्हाड

मुलांची खेळणी घरात कोठे ठेवावीत, हा काय शाळेच्या वार्षिकात लिहिण्याचा विषय आहे, असे आमच्या कित्येक वाचकांस वाटेल. ज्यांच्या घरी मुलांकरिता निराळी खोली आहे, त्यांनी हे पान खुशाल उलटावे. परंतु आपल्या शाळेत येणाऱ्या मुलामुलींपैकी पुष्कळांची घरे एका-दोन खोल्यांची असतात, आणि अशा घरात बसण्याची खोली तीच जेवण्याची, तीच अभ्यासाची व रात्री तीच निजण्याची असते. त्यात धाकटे भावंड असले म्हणजे चेंडू, ठोकळे, बाहुल्या, आगगाडीचे डबे आणि भातुकलीची बोळकी ह्यांचा संसार घरातल्या माणसांच्या संसारात येऊन मिसळतो, व दिवसातून दहा वेळा ‘हे इथे कोणी टाकले?’ असा प्रश्न ऐकू येतो. आमच्याही घरी तो बरीच वर्षे ऐकू येत असे. त्यापायी एक अपघात घडला, मागोमाग आमच्या हातून एक चूक घडली, आणि मग कोठे आम्हांस ह्या विषयातले थोडेसे समजू लागले.

प्रथम जागेचा हिशेब पाहू. मुंबईत सन १९२० नंतरच्या काही वर्षांत बाँबे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी वगैरे ठिकाणी ज्या चाळी बांधल्या, त्यांस लोक बी. डी. डी. चाळी म्हणतात. त्यांतील एका खोलीचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट. त्यांतल्या कित्येक चाळी आता पाडल्या जात असून त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. तथापि तेवढ्याच मापाच्या खोलीत संसार करणारी कुटुंबे मुंबईत अद्यापि थोडीथोडकी नाहीत. आमची मुले लहान असता आमचे बिऱ्हाड होते ते निराळ्या वस्तीत, पण खोली त्याच मापाची, १६ फूट लांब व १० फूट रुंद, अशी होती. एके रविवारी आम्ही टेप घेऊन ती मोजली. मागच्या अंगास ओटा व मोरी मिळून ४० चौरस फूट, खाट १८, कपाट, शिवणयंत्राचे टेबल आणि पाण्याचे पिंप ह्यांनी मिळून १२. उरली ९० चौरस फूट जमीन. दिवसा ही सगळी मुलांची. परंतु रात्री दहा वाजले की तीतच चार माणसांची अंथरुणे पडत, आणि त्यांस ५० फूट लागत. राहिलेल्या ४० फुटांतून दारापासून मोरीपर्यंत जाण्यायेण्याची वाट सोडली, म्हणजे खेळण्यांस म्हणून जमिनीवर द्यावयास दोन-तीन चौरस फुटांहून अधिक जागा नव्हती.

हा हिशेब आम्ही आधी केला असता तर बरे झाले असते. तो केला अपघातानंतर. आमच्या मातोश्री तेव्हा बहात्तर वर्षांच्या होत्या. नळास पाणी पहाटे येई, आणि ते भरण्याचे काम त्यांनी आपल्याकडे घेतले होते. कोणाची झोप मोडू नये म्हणून त्या दिवा न लावता उठत. एके पहाटे अंथरुणाच्या कडेला राहून गेलेल्या पत्र्याच्या मोटारीवर त्यांचा पाय पडला, चाके फिरली आणि त्या पडल्या. उजव्या हाताचे मनगट मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. म्हाताऱ्या माणसाचे हाड मोडणे म्हणजे काय असते, हे ज्यांच्या घरी वडील माणसे आहेत त्यांस सांगावयास नको.

त्याच दिवशी सायंकाळी आम्ही घरातली यच्चयावत खेळणी एका पत्र्याच्या ट्रंकेत भरली आणि ट्रंक माळ्यावर चढविली. खोली एकदम आरशासारखी झाली. समाचारास येणाऱ्या मंडळींनी नीटनेटकेपणाची तारीफ केली, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांस त्याचा थोडा अभिमानही वाटला.

थोरली मुलगी सहा वर्षांची होती. तिला शाळा होती, मैत्रिणी होत्या. धाकटा तीन वर्षांचा. पहिले दोन-तीन दिवस तो माळ्याकडे बोट दाखवून रडला. मग एखादे खेळणे मागू लागला; पण ते काढावयाचे म्हणजे स्टूल आणा, ट्रंक ओढा, खाली उतरवा, म्हणून आमचे उत्तर बहुधा ‘उद्या काढू’ असेच असे. आठ दिवसांनी त्याने मागणे सोडले. तो डब्यांची झाकणे घेऊन ओट्याखाली बसे, नाही तर दूरचित्रवाणीच्या संचासमोर तास तास हलत नसे. आमच्या ते ध्यानातही आले नाही. मूल शांत झाले असेच आम्ही समजत होतो. ध्यानात आले ते मातोश्रींच्या. त्या म्हणाल्या, “अरे, हात माझा मोडला; खेळ त्याचा का बंद केलात?” ह्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते.

आता एक जुनी हकीकत सांगतो. ती आमच्या ट्रंकेशी फार जुळते. इटलीची राजधानी रोम येथे सान लोरेन्झो नावाची गरीब कामकऱ्यांची वस्ती होती. तेथील चाळवजा इमारती एका कंपनीने दुरुस्त करून भाड्याने दिल्या. परंतु आईबाप कामावर गेले म्हणजे मागे राहिलेली लहान मुले जिने व भिंती खराब करीत. म्हणून त्याच इमारतीत एक खोली घेऊन मुलांस तेथे ठेवावे, असे ठरले, आणि ते काम डॉ. मारिया मॉन्टेसरी ह्या बाईंकडे आले. ६ जानेवारी १९०७ रोजी ते बालगृह उघडले. आरंभी तेथील सर्व साहित्य एका उंच कपाटात कुलपात असे. बाई किल्लीने कपाट उघडून मुलांस वस्तू वाटीत व नंतर पुन्हा आत ठेवीत. एके दिवशी बाईंस येण्यास उशीर झाला, आणि आदल्या दिवशी कपाटास कुलूप घालावयाचे राहून गेले होते. बाई येऊन पाहतात तो मुलांनी कपाट उघडून आपापल्या आवडीच्या वस्तू घेतल्या होत्या व कित्येक त्या घेऊन कामासही लागली होती. बाईंस ही चोरी वाटली, डॉ. मॉन्टेसरींस मात्र त्यातून असे दिसले की, मुलांस वस्तू ओळखता येतात, निवडताही येतात. त्यांनी उंच कपाटाऐवजी मुलांच्या हातास पोहोचतील अशी बसकी, उघडी कपाटे केली. त्यांस असेही आढळले होते की, वस्तू जागेवर ठेवण्याचे काम बाईंनी करू लागताच मुले भोवती जमत. ते काम त्यांस आपण करावयाचे असे.

म्हणजे मूल पसारा आवरीत नाही, ही आमची तक्रार होती खरी, पण त्यास आवरता येईल अशी सोय आम्ही कधी केलीच नव्हती. ज्या जागेतून मुलास वस्तू स्वतः काढता येत नाही, त्या जागी ती त्यास परत ठेवताही येत नाही. माळ्यावरची ट्रंक ही आमची सोय होती, त्याची नव्हती. तेव्हा पहिले काम, एक बसकी फळी करविणे.

तीन वर्षांच्या मुलाची उंची सरासरीने सुमारे ९५ सेंटिमीटर, म्हणजे तीन फुटांहून किंचित अधिक असते. त्याचा खांदा त्याहून आठ-नऊ इंच खाली. तेव्हा फळीचा वरचा माथा दोन फुटांहून उंच नसावा. आम्ही सुताराकडून ३ फूट लांब, १० इंच खोल, दोन कप्प्यांचा, पुढून उघडा असा घोडा करवून घेतला. त्याने जमीन अडली ती अडीच चौरस फूट. खालचा कप्पा जमिनीपासून तीन इंच वर घेतला, म्हणजे केरसुणी आत जाते व फरशी पुसताना पाणी लाकडास लागत नाही. मागे भिंतीपासून बोटभर जागा सोडली, कारण मुंबईच्या पावसाळ्यात भिंतीस लागलेल्या लाकडावर बुरशी धरते. आणि दोन लोखंडी पट्ट्यांनी तो भिंतीस पक्का जखडला. हे शेवटचे काम कोणीही टाळू नये. लहान मुलास कप्पा म्हणजे पायरी वाटते. त्याने वर चढण्याचा यत्न केला म्हणजे सुटे कपाट त्याच्याच अंगावर येते.

दारे आम्ही मुद्दाम बसविली नाहीत. दार असले म्हणजे आत काय आहे हे दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते लहान मूल विसरते; शिवाय बोटे चेमटण्याचे भय. पडदा लावावा असे घरातून सुचविण्यात आले होते, पाहुण्यांपुढे बरे दिसेल म्हणून. पडदा लावलाही होता. चार दिवसांत त्याचा तंबू झाला.

कित्येक घरी खेळण्यांकरिता मोठी पेटी किंवा ट्रंकच खाली ठेवण्याची चाल आहे. ती आम्हांस पसंत नाही. एक तर पेटीत सर्व वस्तू एकावर एक पडतात, आणि तळाचा भोवरा हवा असला म्हणजे सबंध पेटी जमिनीवर पालथी होते. म्हणजे पसारा टाळण्याकरिता जी आणली तिनेच पसारा वाढतो. दुसरे, जड झाकण मुलाच्या मानेवर वा हातावर पडून इजा होते. तिसरे सर्वांत वाईट: लपाछपी खेळताना मूल आत शिरले आणि झाकण बसून कडी पडली, तर त्यास आत श्वास घेता येत नाही. ट्रंक माळ्यावर असावी, अगर कुलूप घालून खाटेखाली.

आता फळीवर ठेवावे काय? आमच्या ट्रंकेतून निघालेली खेळणी मोजली तेव्हा लहानमोठी मिळून शंभरावर भरली. दोन कप्प्यांत ती मावणे शक्यच नव्हते, आणि मावली असती तरी ठेवण्यात अर्थ नव्हता. सन २०१८ मध्ये अमेरिकेतील टोलीडो विद्यापीठाच्या अभ्यासकांनी एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध केला. १८ ते ३० महिन्यांच्या ३६ मुलांस त्यांनी एकदा ४ खेळणी दिलेल्या खोलीत व एकदा १६ खेळणी दिलेल्या खोलीत खेळू दिले. चारच खेळणी असता मुले एकेका खेळण्याशी अधिक वेळ रमली आणि तेच खेळणे अधिक तऱ्हांनी खेळली. सोळा असता एकावरून दुसऱ्यावर उड्या. छत्तीस मुले म्हणजे काही फार नव्हेत, आणि आमची मुले त्यांहून मोठी होती. परंतु आमच्या खोलीत जे दिसले ते ह्याशी जुळणारे होते. एका वेळी फळीवर दोन्ही मुलांची मिळून दहा-बारा खेळणी ठेवावयाची, बाकीची ट्रंकेत. आणि दर पंधरा दिवसांनी रविवारी काही वर, काही खाली, अशी पाळी आम्ही बांधली. ट्रंकेतून उतरलेले जुनेच खेळणे मुलांस नवे वाटते. त्यामुळे नवीन आणण्याचा हट्टही पुष्कळ कमी झाला. महागाईच्या दिवसांत हा लाभ लहान नव्हे.

ह्या पाळीस एक अपवाद ठेवावा लागला. धाकट्याचा एक कापडी ससा होता, एक कान गेलेला व रंग ओळखू न येणारा. पहिल्याच रविवारी आम्ही तो निरुपयोगी म्हणून ट्रंकेत घातला. त्या रात्री अकरा वाजता, सर्व चाळ निजलेली असता, स्टूल लावून तो खाली आणावा लागला. मुलाचे कोणते खेळणे निरुपयोगी आहे हे मोठ्यांनी ठरवू नये. एखादे जुने द्यावयाचे असले तरी मुलास विचारून द्यावे. आणि ज्यास आपण देणार त्याच्या मुलास खेळता येईल असेच द्यावे. मोडकी चाके अंगणवाडीत नेऊन टाकणे ह्यास दान म्हणणे कठीण आहे.

प्रत्येक खेळण्यास फळीवर ठरलेली जागा असावी. ठोकळे एका वेताच्या टोपलीत, मोटारी दुसरीत, भातुकली बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, चित्रांची पुस्तके उभी न ठेवता मुखपृष्ठ दिसेल अशी आडवी. धाकट्यास वाचता येत नव्हते, म्हणून थोरलीने प्रत्येक जागेखाली त्या त्या वस्तूचे चित्र काढून चिकटविले. तिचे मोटारीचे चित्र बैलगाडीसारखे होते. पण तो कधी चुकला नाही. आमच्या वाचकांपैकी ज्या मुलामुलींस चित्रकलेची आवड आहे, त्यांनी आपल्या धाकट्या भावंडांकरिता हे काम अवश्य करावे. एका दुपारचे काम आहे, आणि खर्च एका कागदाचा.

लाकडी खेळण्यांविषयी दोन शब्द. सावंतवाडीच्या चितार अळीतील रंगीत फळे व बाहुल्या, अगर कर्नाटकातील चन्नपट्टणची लाखेच्या रंगाची खेळणी ज्यांच्या घरी असतील, त्यांनी ती प्लास्टिकच्या खेळण्यांबरोबर बादलीत बुडवून धुऊ नयेत. ओलाव्याने लाकूड फुगते आणि रंगाचे पोपडे निघतात. कोरड्या मऊ फडक्याने पुसावीत. कापडी खेळण्यांस पावसाळ्यात उघाड पडेल त्या दिवशी ऊन दाखवावे. कसर लागू नये म्हणून पुष्कळ लोक ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकतात. खेळण्यांच्या ट्रंकेत त्या मुळीच टाकू नयेत. त्या पेपरमिंटच्या गोळ्यांसारख्या दिसतात, मूल तोंडात घालते, आणि त्यांतील नॅफ्थलीन विषारी आहे. काही मुलांच्या रक्तातील तांबड्या पेशी जन्मतःच नाजूक असतात, त्यांस तर त्याने फारच अपाय होतो. वाळलेला कडुलिंबाचा पाला फडक्यात बांधून ठेवावा. त्याने एवढे भय नाही.

दोन मुलांची वये निराळी असली म्हणजे अडचण दुप्पट होते. थोरलीचे सागरगोटे, कवड्या, मणी आणि गोट्या हा सगळा धाकट्याच्या घशात अडकणारा माल. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांची परीक्षा करण्याकरिता सुमारे सव्वा इंच व्यासाची एक आखूड नळी वापरतात. तीत जी वस्तू कशीही धरून पूर्णपणे मावते, ती त्या वयाच्या मुलाजवळ देण्यास धोक्याची समजतात. घरी आगकाडीच्या पेटीसारखी मापे लावीत बसण्यापेक्षा सोपा नियम हा की, जे मुलाच्या मुठीत दडते ते फळीवर ठेवू नये. आम्ही तीन वर्षांनंतरही आणखी वर्षभर हा नियम सोडला नाही. सहा वर्षांच्या मुलीचा हात पोहोचेल पण तीन वर्षांच्याचा पोहोचणार नाही, अशी साडेचार फूट उंचीची एक खुंटी आम्ही ठोकली आणि तीवर तिची कापडी पिशवी टांगली. खुंटी खाटेपासून लांबच्या भिंतीवर घेतली, नाही तर खाटेवर चढून त्याने ती गाठली असती. पिशवीची नाडी आखूड ठेवली, गळ्यात अडकू नये म्हणून. आपली एक निराळी जागा झाली ह्याचा थोरलीस केवढा आनंद! तोपर्यंत तिच्या मण्यांच्या माळा धाकट्याने तोडाव्यात व बोलणी तिने खावीत, असे चालले होते.

ह्याहून भयंकर वस्तू म्हणजे विजेवर बोलणाऱ्या किंवा चमकणाऱ्या खेळण्यांतील बटणासारखे चपटे सेल. हा सेल मुलाने गिळला व तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांच्या आत तेथे खोल भाजल्यासारखी जखम होऊ शकते. म्हणून असे खेळणे फळीवर ठेवण्यापूर्वी सेलच्या झाकणाचा स्क्रू घट्ट आहे की नाही ते पाहावे. स्क्रू हरवला असल्यास सेल काढून टाकावा. मोटार बोलली नाही तरी चालते. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपाय न करता मुलास तडक रुग्णालयात न्यावे.

ठोकळ्यांचा प्रश्न आम्हांस सर्वांत अवघड गेला. शेसव्वाशे ठोकळे जमिनीवर पसरले म्हणजे ते वेचण्यात अर्धा तास जाई, आणि रात्री अंथरुण घालताना पाठीखाली एखादा निघेच. ह्यावर मातोश्रींनी युक्ती काढली. त्यांनी एका जुन्या चादरीचा चार फूट औरसचौरस तुकडा कापला, त्यास कडेने नेफा शिवून घेतला व त्यात जाड दोरी ओवली. ठोकळे ह्या चादरीवरच खेळावयाचे, चादरीबाहेर न्यावयाचे नाहीत. खेळ संपला की दोरी ओढली, आणि बोचके तयार. ते खुंटीस टांगले म्हणजे जमिनीची इंचभरही जागा लागत नाही. प्लास्टर काढल्यावर त्यांच्या हाताने शिवलेले हे पहिले काम.

वेचण्याचे काम हा खेळाचाच भाग व्हावा, ही कल्पना नवी नाही. जर्मनीत फ्रेडरिख फ्रोबेल ह्यांनी सन १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांचे खेळसाहित्य तयार करण्याचा कारखाना व संस्था काढली. पुढे सन १८४० मध्ये ‘किंडरगार्टन’ म्हणजे मुलांची बाग हे नाव त्यांनीच प्रचारात आणले. त्यांच्या साहित्यातील तिसऱ्या संचात आठ लहान घन एका लाकडी पेटीत बसविलेले असत. पेटीस सरकते झाकण. मुलाने पेटी उपडी ठेवावयाची, झाकण खालून हळूच ओढून घ्यावयाचे आणि पेटी सरळ वर उचलावयाची, म्हणजे पुढे आठ तुकड्यांचा एक सबंध मोठा घन उभा. मग त्याचे घर करा, खुर्ची करा, पूल करा. खेळ संपला की तुकडे जोडून पुन्हा सबंध घन करावयाचा, त्यावर पेटी घालावयाची व झाकण खाली सरकवावयाचे. एकही तुकडा हरवला तर घन पुरा होत नाही, आणि ते मुलास आपोआप कळते. कोणी ओरडावे लागत नाही.

आमच्या घरी एवढी शिस्त कधीच आली नाही, हे कबूल केले पाहिजे. रात्री साडेनऊ ही आवरण्याची वेळ ठरविली होती, कारण त्यानंतर अंथरुणे पडावयाची. ‘सगळे आवर’ असे सांगितले की धाकटा गोंधळून उभा राही. ‘मोटारी त्यांच्या घरी ने’ असे सांगितले की नेई. एका वेळी एकच काम सांगावे, व आपणही बरोबर खाली बसावे, हे आम्ही अनुभवाने शिकलो. चार दिवस सर्व नीट चाले, पाचव्या दिवशी पाहुणे येत, आणि सर्व पसारा खाटेखाली लोटला जाई. परंतु जाण्यायेण्याची वाट मात्र रोज रात्री मोकळी करावयाची, तीत सवलत नाही, आणि पहाटेकरिता मोरीजवळ एक मंद दिवा ठेवावयाचा, हे दोन नियम आम्ही मोडू दिले नाहीत. मातोश्री पुन्हा पाणी भरू लागल्या होत्या.

खाटेखालच्या जागेविषयी सांगावयाचे राहिले. खाट १८ चौरस फुटांची व चौदा इंच उंच असली म्हणजे तिच्याखाली २१ घनफूट जागा असते. लहान घरात एवढी जागा दुसरीकडे कोठेही मिळावयाची नाही. बहुतेक घरी तीत गाठोडी, जुनी भांडी आणि धूळ असते. आम्ही तिचा अर्धा भाग मुलांस दिला, तो असा. थोरली एकदा ठोकळे, पुठ्ठे व बाहुल्या घेऊन एक गाव वसवीत होती. रस्ते, विहीर, शाळा, सगळे. साडेनऊ वाजले. अंथरुण घालावयाचे म्हणून आम्ही ते मोडावयास सांगितले. तिने एक अक्षर न बोलता मोडले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काही बांधावयास घेतले नाही. मोठ्या माणसाचे अर्धे शिवलेले कापड किंवा अर्धे लिहिलेले पत्र आपण असे रोज रात्री उसवीत वा फाडीत नाही. म्हणून आम्ही एका मोडलेल्या दाराचे फळकूट दोन फूट लांब व दीड फूट रुंद कापून घेतले, कडा घासून गुळगुळीत केल्या, आणि पुढे धरावयास दोरी लावली. जे बांधकाम पुरे झालेले नसेल ते त्या फळकुटावर करावयाचे. रात्री फळकूट हळूच खाटेखाली सरकवावयाचे, सकाळी बाहेर ओढावयाचे. चौदा इंचांपेक्षा उंच मनोरा बांधता येत नाही, एवढीच अडचण. तिने त्यावरही तोड काढली; पुढली सर्व गावे बसक्या घरांची झाली. एक गाव सतरा दिवस टिकले होते.

एवढ्या सगळ्यास खर्च किती आला, असे पालक विचारतील. सुताराची मजुरी व फळ्या ह्यांचा काय तो खर्च. टोपल्या, डबे, चादर, फळकूट हे घरातलेच होते. ज्यांस सुतार परवडत नसेल त्यांनी दोन भक्कम लाकडी खोकी आडवी ठेवून, खिळे ठोकून एकमेकांस व भिंतीस जोडावीत आणि कुसळे निघू नयेत म्हणून काचकागदाने घासावीत. आपल्या शाळेतील वरच्या इयत्तांतील मुलांस एवढे सुतारकाम करता येण्यासारखे आहे. खेळणीही विकतचीच पाहिजेत असे नाही. ताराबाई मोडक ह्यांनी सन १९४५ पासून हल्लीच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे खेड्यातील मुलांकरिता बालशिक्षणाचे जे काम उभारले, त्यात शंखशिंपले, बिया, दगड, पाने अशा भोवताली मिळणाऱ्या वस्तूच पुष्कळशा साधनांच्या जागी वापरल्या. आमच्या थोरलीने समुद्रावरून आणलेले शिंपले एका जुन्या मसाल्याच्या डब्यात, प्रत्येक वाटीत एक जात, असे लावले होते. तो डबा फळीवरून ट्रंकेत कधीच गेला नाही.

आता मुले मोठी झाली आहेत. फळीवर काही दिवस शाळेची पुस्तके होती. नंतर ती आम्ही तळमजल्यावरच्या बिऱ्हाडी दिली. तेथले मूल दोन वर्षांचे आहे. घोडा भिंतीस जखडावयास आम्ही स्वतः गेलो होतो, आणि बैलगाडीसारख्या मोटारीचे चित्र अद्याप त्यावर आहे. ठोकळ्यांचे बोचकेही त्यांस दिले. गोट्यांची पिशवी मात्र आणखी दोन वर्षांनी देऊ, असे सांगून ठेविले आहे.